जुनी टाकी, नवे मासे

रविवारी आणलेल्या आठ मॉली माशांपैकी मंगळवारी सकाळपर्यंत एकही उरला नव्हता. दादरच्या त्या घरातली टाकी चार वर्षांची. दोन एंजल, चार विडो टेट्रा आणि नऊ इंचांचा सकर मासा त्याच पाण्यात मजेत फिरत होते. "दुकानदाराने आजारी मासे खपवले हो," मी पोहोचताच त्या घरातल्या काकांनी सांगितलं. बदली दहा चिमुकले निऑन टेट्रा टाकू का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

पाणी काचेसारखं नितळ. अशा नितळ पाण्यावर माझा विश्वास नाही, म्हणून आधी पाणी तपासायचं किट काढलं. नायट्रेट, म्हणजे माशांच्या घाणीतून शेवटी उरणारा क्षार, तक्त्यावरच्या शेवटच्या लालभडक रंगावर, 160 पीपीएम (दशलक्षात इतके भाग). पीएच 6.0, म्हणजे आम्लधर्मी; त्याखाली ते किट दाखवतच नाही. केएच, म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद, तिच्या चाचणीत पहिल्याच थेंबाला रंग पालटला, म्हणजे एक अंशसुद्धा नाही. आणि घाणीतून सुटणारा विषारी ॲमोनिया 2 पीपीएम. रात्रभर बादलीत ठेवलेलं नळाचं पाणी मोजलं तर पीएच 7.4.

"पाणी बदलता ना?"

"बदलतो की! दर आठवड्याला चार तांबे भर घालतो."

तिथेच घोळ होता. बाष्प होऊन जातं ते निव्वळ पाणी. नायट्रेट मागेच राहतं. माशांच्या विष्ठेवर काम करणारे जिवाणू आम्ल तयार करतात आणि ते आम्ल केएच खात जातं. मुंबईचं तलावाचं पाणी मुळातच मृदू, त्यात खर्चायला केएच फारसा नसतोच. पीएच 6 च्या आसपास आला की जिवाणूही थंडावतात आणि ॲमोनिया साचतो. भरीला काका फिल्टरचा स्पंज नळाखाली धूत होते, म्हणजे उरलेले जिवाणू क्लोरीनच्या वाटेने गेले.

मग जुने मासे जगले कसे? आम्लधर्मी पाण्यात ॲमोनिया बहुतांशी निरुपद्रवी रूपात असतो, आणि हे मासे वर्षानुवर्षं इंचाइंचाने त्या पाण्याला सरावले. मॉली तर जड, म्हणजे क्षारयुक्त पाण्याचा मासा. दुकानातून थेट इथे पडली.

हे ऐकून काका लगेच अर्धी टाकी उपसायला निघाले. त्यांना हाताला धरून थांबवावं लागलं. पीएच एका अंकाने चढला की विषारी ॲमोनिया साधारण दहापट होतो. एकदम अर्धं पाणी बदललं असतं तर एंजलही गेले असते.

टाकी 3 फूट बाय 1 फूट, पाणी 16 इंच. खडी वजा जाता 100 लिटर धरा. ठरलं ते असं: रोज 10 लिटरची एक बादली, हायपो (क्लोरीन मारणारे खडे) घालून रात्रभर ठेवलेली. खाणं एक दिवसाआड. खडीचा दर आठवड्याला एक तृतीयांश भागच सायफन करायचा, स्पंज टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात पिळायचा. केएच भरून काढणारा कोरलचा चुरा मात्र ॲमोनिया शून्यावर आल्यावरच, जाळीच्या पिशवीत फिल्टरजवळ. आधी टाकला तर तोच पीएच चढवतो.

निऑनला मी साफ नाही म्हटलं. वाढलेल्या एंजलपुढे निऑन म्हणजे फरसाण. सकर आधी बाहेर जायला हवा होता, कारण तो फूटभराच्या वर वाढतो आणि टाकीतली सर्वांत जास्त घाण त्याचीच. तो काकांच्या ओळखीतल्या सहा फुटी टाकीत गेला. त्याच्या जागी चार विडो चालतील, कारण हा थव्याचा मासा आणि चारांचा थवा तोकडाच.

अकराव्या दिवशी ॲमोनिया शून्य, विसाव्या दिवशी नायट्रेट 40, पीएच 6.8. तेव्हा विडो आणल्या, पण टाकीत नाही: 20 लिटरच्या प्लॅस्टिक टबात, मोठ्या टाकीत मुरवलेला, जिवाणू धरलेला छोटा स्पंज लावून, काही आजार निघतो का हे बघायला तीन आठवडे. दुकानाच्या पिशवीतलं पाणी मोरीत.

नवव्या दिवशी काकांचा फोन आला. टबातल्या एका विडोच्या शेपटीवर साखर भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके होते. टबातच औषध सुरू केलं आणि तीन आठवड्यांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून धरली.