आगीकडे पाठ करून: कॅन्ससच्या माळरानावर आगीवर काम करण्याचे रेड कार्ड मिळवतानाचा माझा अनुभव

माझे गाव पोलादपूरच्या बाजूला डोंगरात आहे. तिथे फेब्रुवारीनंतर समोरच्या डोंगरावर रात्री लाल रेघ दिसली की आजोबा अंगणात उभे राहून वारा कुठला आहे ते आधी पाहत. वणवा ही आमच्याकडे विझवायची गोष्ट होती. पुढे कोकणातच वनशास्त्राची पदवी घेतली, जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा, कशी काढतात ते पाहिले, पण आग लावणे हा कुणाचा व्यवसाय असू शकतो हे मला ठाऊक नव्हते. गवताळ परिसंस्थांच्या अभ्यासासाठी अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एका विद्यापीठात आले आणि पहिल्याच सत्रात सूचनाफलकावर ‘जाळणी पथकात विद्यार्थी हवेत’ अशी जाहिरात दिसली. घरी फोनवर सांगितल्यावर आई म्हणाली, “अगं, इथं वणवा विझवायला माणसं मिळत नाहीत, आणि तू लावायला शिकायला एवढ्या लांब गेलीस?”

आईला जे उत्तर दिले ते इथे थोडक्यात सांगते, कारण त्याशिवाय पुढचे कळणार नाही. पूर्व कॅन्ससमध्ये फ्लिंट हिल्स नावाचा टेकड्यांचा पट्टा आहे. तिथे मातीचा थर पातळ आणि खाली गारगोटीसारखा कठीण दगड असल्यामुळे नांगर चालला नाही आणि म्हणून तिथले उंच गवत वाचले. उत्तर अमेरिकेतल्या अशा उंच गवताच्या माळरानांपैकी आज जेमतेम ४ टक्के उरले आहे आणि त्यातला मोठा भाग याच पट्ट्यात आहे. ज्यांच्यावरून राज्याला नाव पडले ते कान्सा आणि त्यांचे शेजारी ओसेज हे मूळ रहिवासी हा माळ जाळत असत. नंतर गुरे पाळणाऱ्यांनीही वसंतातली जाळणी सोडली नाही, कारण जळलेल्या जमिनीवर येणारे कोवळे गवत गुरांना अधिक मानवते. आग थांबली तर काही दशकांत लाल सीडरची झाडे आणि झुडपे गवताची जागा घेतात. याच पट्ट्यातल्या कोंझा प्रेअरी या सुमारे ३,५०० हेक्टरांच्या संशोधन क्षेत्रात काही पाणलोट दर वर्षी, काही २, काही ४ आणि काही २० वर्षांनी जाळून १९७० च्या दशकापासून तुलना चालू आहे. तिथे वीस वर्षांनी एकदा जळणाऱ्या तुकड्याच्या कडेला उभे राहिले की झाडोरा पाहून वेगळा पुरावा मागावासा वाटत नाही.

आता प्रक्रियेकडे वळते. माझी पहिली चूक अशी की मी सरकारी नोकऱ्यांच्या संकेतस्थळावर जाऊन थेट वनसेवेच्या हंगामी जागा शोधत बसले. वणवा आणि जाळणीची बरीच कामे अमेरिकेत केंद्र सरकारच्या खात्यांकडे असली, तरी त्यांना नागरिकत्व लागते. विद्यार्थी व्हिसावरच्या माणसाने तिथे वेळ घालवू नये. आमच्यासारख्यांसाठी उघडे राहणारे दरवाजे म्हणजे विद्यापीठांची स्वतःची पथके, निसर्गसंवर्धन करणाऱ्या खासगी संस्था, जाळणीची कंत्राटे घेणाऱ्या कंपन्या, आणि जमीनमालकांनी एकमेकांच्या मदतीसाठी उभारलेले जाळणी संघ. विद्यापीठातले काम सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांच्या मर्यादेत करता येते. संघांबरोबर विनामोबदला जायचे असले तरी आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयात लेखी विचारून घ्यावे, कारण जे काम इतरांना पगारावर मिळते ते फुकट करणे हेसुद्धा व्हिसाच्या नियमांत अडचणीचे ठरू शकते. मी विचारले, उत्तर यायला पाच आठवडे लागले आणि तेवढ्यात शरद ऋतूतल्या जाळण्या संपल्या.

दुसरी गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर बरे झाले असते. रेड कार्ड, म्हणजे आगीवर काम करण्यास तुम्ही पात्र आहात असे सांगणारे कार्ड, कुणालाही स्वतःहून काढता येत नाही. अभ्यासक्रम ठरवून देणारी राष्ट्रीय वणवा समन्वय समिती १९७६ पासून आहे, तिचे बरेच साहित्य विनामूल्य वाचता येते आणि काही पाठ घरबसल्या पूर्ण होतात. पण कार्ड देते ती तुम्हाला कामावर घेणारी संस्था. त्यामुळे आधी पथक शोधावे, मग प्रमाणपत्रांच्या मागे लागावे. माझ्या पथकाने एस-१९०, म्हणजे आगीच्या वर्तनाची ओळख, एल-१८०, म्हणजे दडपणाखाली माणसे कशी वागतात याचा पाठ, आणि आपत्कालीन व्यवस्थेचे दोन छोटे पाठ आधी करायला लावले. त्यानंतर एस-१३० हा मुख्य अभ्यासक्रम आणि त्यातला एक दिवस मैदानावर. त्या दिवशी पुलास्की नावाचे अर्धी कुऱ्हाड आणि अर्धी कुदळ असलेले अवजार हाती आले, आणि लहानपणी बांध घातलेला असल्यामुळे तेवढ्यापुरती मी वर्गात सर्वांच्या पुढे होते.

पुढची परीक्षा ओझ्याची. ४५ पौंड, म्हणजे २० किलोंहून थोडे अधिक वजन पाठीवर घेऊन ३ मैल सपाट रस्त्यावर ४५ मिनिटांच्या आत चालायचे, पळायचे नाही. डोक्यावर कवळाचे, म्हणजे तोडलेल्या डहाळ्यांचे, भारे वाहिलेल्या मला हे सोपे वाटले आणि म्हणून मी सराव केला नाही; शिवाय आगीवर लागणारे आठ इंच उंचीचे नवे चामडी बूट घालून गेले, जे त्या परीक्षेत सक्तीचे नव्हतेच. दुसऱ्या मैलाला दोन्ही टाचा सोलल्या. ४६ मिनिटे २० सेकंद. परीक्षकाने घड्याळ माझ्यापुढे धरले आणि काही बोलला नाही. तीन आठवड्यांनी जुन्या खेळाच्या बुटांवर ४३ मिनिटांत संपवले.

मार्चमध्ये कार्ड हातात आले आणि मग सुरू झाले ते वाट पाहणे. जाळणीचा लेखी आराखडा असतो. त्यात जाळण्याचा हेतू, नकाशा, माणसे, पाणी, शेजाऱ्यांना कळवण्याची यादी, आग बाहेर गेल्यास काय करायचे हे सारे असतेच, पण त्याचा गाभा म्हणजे हवामानाच्या मर्यादा. आमच्या तुकड्यासाठी हवेतली आर्द्रता ४० ते ७० टक्के, वारा दक्षिणेकडून आणि ताशी ५ ते १५ मैल, अशी अट होती. पहिल्या दिवशी आर्द्रता ३१ टक्क्यांवर आली, घरी गेलो. दुसऱ्या वेळी वारा पश्चिमेला फिरला आणि धूर गावातल्या शाळेवर जाणार होता, घरी गेलो. तिसऱ्या वेळी सगळे जमले होते, पण नमुना म्हणून कोपऱ्यात लावलेल्या लहानशा आगीचा धूर वर चढेना, जमिनीलगत पसरू लागला, आणि बर्न बॉसने, म्हणजे जाळणीप्रमुखाने, तीही विझवायला लावली. तो साठीचा गुरे पाळणारा माणूस होता. परतताना मी चिडलेली पाहून त्याने मला, एवढ्या वर्षांत पेटवल्यापेक्षा न पेटवता परतलेले दिवस जास्त आहेत, असे अगदी सहज सांगितले.

चौथ्या दिवशी पेटवले. वारा दक्षिणेचा असल्यामुळे सुरुवात उत्तरेच्या कडेने, म्हणजे आग वाऱ्याच्या विरुद्ध हळूहळू सरकत जाईल अशी. तीन भाग डिझेल आणि एक भाग पेट्रोल भरलेल्या ड्रिप टॉर्चच्या चोचीतून पेटते थेंब गवतात पडत होते आणि मला एकदम आमचा राब, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजणे, आठवला. शेण, कवळ, गवत आणि वर मातीचा थर अंथरल्यावर आजोबाही काडी नेहमी वाऱ्याच्या उलट बाजूनेच लावत. “सावकाश भाजली पाहिजे, धावता कामा नये,” असे म्हणत. याला इथे बॅकिंग फायर म्हणतात आणि त्यावर अर्धा तास शिकवतात.

उत्तरेची कड काळी होऊन रुंद झाल्यावर दोन्ही बगला पेटवल्या आणि शेवटी दक्षिणेकडून मुख्य आग सोडली. माझे काम उत्तरेच्या कापलेल्या पट्ट्यावर पहारा देण्याचे होते, आणि त्या कामाचा नियम असा की आगीकडे पाठ करून न जळलेल्या बाजूकडे पाहायचे. मी तो नियम परीक्षेत बरोबर लिहिला होता. पण माझ्या उंचीच्या गवतातून ज्वाळांची भिंत आवाज करत येऊ लागली तेव्हा मी वळून बघत राहिले. मधे उभा असलेला एक सीडर फटाक्यासारखा पेटला, निखारा उडाला, आणि शेजाऱ्याच्या कुरणात ताटाएवढी जागा धुमसू लागली ती मला नाही, ऐंशी पावलांवरच्या सहकारिणीला दिसली. तिने रेडिओवर ओरडून सांगेपर्यंत ताटाची खाट झाली होती. पाठीवरच्या पंपाने आणि लांब दांड्याच्या रबरी झोडपण्याने आम्ही दोघींनी ती दोन मिनिटांत मारली. नंतर माझे हात मात्र बराच वेळ थरथरत होते.

संध्याकाळी सगळे गोल उभे राहतात आणि चारच प्रश्न विचारले जातात: काय ठरले होते, काय घडले, का घडले, पुढच्या वेळी काय करायचे. माझी पाळी आली तेव्हा मी आगीकडे बघत होते हे सांगून टाकले. जाळणीप्रमुखाने मान हलवली, वहीत लिहिले आणि पुढच्याला विचारले. ओरडा बसला असता तर मला सोपे गेले असते.

दुसऱ्या दिवशीचे काम कुठल्याच जाहिरातीत लिहिलेले नसते. गवत तासाभरात राख होते, पण गुरांचे वाळलेले शेण आतून रात्रभर धुमसत राहते. ज्या मुलीने गोवऱ्यांची चूल फुंकली आहे तिला हे वेगळे शिकवावे लागत नाही. आम्ही कडेपासून आतपर्यंत एकेक पो उलटत, हाताची मागची बाजू जवळ नेऊन ऊब लागते का पाहत, पाणी ओतत फिरलो. माझ्या वाट्याच्या पट्ट्यात सत्तावीस पो गरम निघाले.

त्या हंगामात मी एकूण सहा जाळण्यांवर होते. पुढच्या पायरीसाठी कार्यपुस्तिका उघडली आहे. त्यातले प्रत्येक काम प्रत्यक्ष करून वरिष्ठाची सही घ्यावी लागते आणि माझ्या निम्म्या ओळी अजून कोऱ्या आहेत. पदवीनंतर व्हिसा देतो त्या १२ महिन्यांच्या कामासाठी दोन संवर्धन संस्थांकडे आणि एका कंत्राटदाराकडे अर्ज केले आहेत. वसंतातल्या जागा शरदातच भरतात, म्हणून ते सप्टेंबरमध्ये पाठवले. कार्ड दर वर्षी नव्याने मिळवावे लागते. उजळणीचा पाठ झाला आहे, ओझ्याची परीक्षा पुढच्या शनिवारी आहे, आणि जुने बूट दाराशी काढून ठेवले आहेत.