खुराड्यातला अजगर

भांडुपला खिंडीपाड्यात, नॅशनल पार्कच्या हद्दीलगत, शेजारच्या मावशींचं कोंबड्यांचं खुराडं आहे. गेल्या पावसाळ्यात एकदा पहाटेच त्यांची हाक आली. आत सहा-सात फुटी अजगर, एक कोंबडी गायब आणि त्याच्या पोटात हा एवढा फुगवटा. रात्री ज्या फटीतून शिरला, तिच्यातून आता निघता येईना.

निम्मी वस्ती जमली. कोणी काठीने ढोसतंय, कोणी तोंडावर मोबाईलचा उजेड मारतंय. मी १९२६ वर वनविभागाला कळवलं आणि हात जोडून सगळ्यांना मागे व्हायला सांगत राहिलो. ऐकतंय कोण!

सर्पमित्र दादा येईपर्यंत व्हायचं ते झालं. अजगराचं अंग आतून ढवळलं, जबडा फाकला आणि अख्खी कोंबडी बाहेर आली. पिसं अंगाला चिकटलेली, ओली. दादा हळहळले. पोट भरलेल्या अजगराला छेडलं की तो पोटातलं टाकतो, पळायला अंग हलकं लागतं.

ते बघून माझ्या पोटात कालवलं. ओठांवरच्या खाचांनी मिट्ट काळोखात कोंबडीच्या अंगाची ऊब हेरायची, विळखा घालायचा, मग डोक्याकडून इंच इंच गिळायचं. विळख्याने हाडं मोडतात असं आपण ऐकत आलो. पण बोआ या विळखा घालणाऱ्याच सापांवरच्या २०१५ च्या अभ्यासात दिसलं की भक्ष्याचा रक्तपुरवठाच काही सेकंदांत तुटतो. पुढे पचवणं हे त्याहून मोठं काम. याचा भाऊबंद बर्मी अजगर. जेवल्यावर दोन दिवसांत त्याचं हृदय ४० टक्क्यांनी वाढतं. आणि आपण लोळणाऱ्या पोराला म्हणतो, 'अजगरासारखा सुस्त पडलाय'.

दादांनी शेपटीच्या मुळाशी दोन्हीकडचे नखाएवढे काटे दाखवले. मागच्या पायांची उरलेली खूण.

मावशी रागातच होत्या. कोंबडी गेली, राग येणारच. पण अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून जवळजवळ दोन महिने बसते, थंडी पडली की अंग थरथरवून त्यांना ऊब देते, हे ऐकल्यावर म्हणाल्या, "म्हणजे खुडूकच की ती."

दुपारी त्यांनी फटीला बारीक जाळी ठोकली. मी खिळे धरून उभा होतो. दादांच्या पिशवीतून तो जंगलाकडे गेला तेव्हा उपाशीच होता.