गॅरेजातील डर्ट बाइकचा विमा

घराचा विमा उतरवला की गॅरेजातील सगळ्या वस्तू त्यात आल्याच, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात गृहविम्याच्या बहुतेक पॉलिसींमध्ये घरसामानाच्या व्याख्येतून इंजिनावर चालणारी वाहने वगळलेली असतात. त्यामुळे आग लागली तर गॅरेजच्या भिंतींची आणि हत्यारांची भरपाई मिळू शकते, पण मधोमध उभ्या असलेल्या मोटोक्रॉस गाडीची, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरील शर्यतीसाठी बनवलेल्या डर्ट बाइकची, बहुधा मिळत नाही. रस्त्यावरील दुचाकीचा नेहमीचा विमा नोंदणी क्रमांकाच्या आधारे दिला जातो आणि निव्वळ स्पर्धेसाठी बनवलेल्या गाडीला बहुधा तो क्रमांकच नसतो. म्हणून अशा गाडीसाठी स्वतंत्र पॉलिसी घ्यावी, असे माझे ठाम मत आहे.

गॅरेजात उभ्या गाडीला सर्वांत मोठा धोका चोरीचा. 450 सीसीची मोटोक्रॉस गाडी साधारण 110 किलोची असते, दोन माणसे ती उचलून टेम्पोत टाकू शकतात, आणि अशा अनेक गाड्यांना इग्निशनची किल्लीच नसते, त्यामुळे कुलूप काय ते बाहेरूनच लावावे लागते. विमा कंपनीलाही हे ठाऊक असते. म्हणूनच पॉलिसीतील साठवणुकीची अट शब्दन् शब्द वाचावी: गाडी बंद गॅरेजात हवी की जमिनीत पक्क्या बसवलेल्या कड्याला साखळीने बांधलेलीही हवी, घरापासून सुटे असलेले किंवा सामायिक गॅरेज चालते का, आणि दावा करताना कुलूप तोडल्याची खूण दाखवावी लागते का. दार उघडे ठेवून काही मिनिटे घरात गेल्यावर गाडी गेली, तर सारा दावा या शेवटच्या अटीवर अडू शकतो.

किमतीचा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मोटोक्रॉस गाडीची झीज किलोमीटरमध्ये नव्हे, तर इंजिन चाललेल्या तासांत मोजतात. पिस्टनही ठरावीक तासांनी बदलतात. घसारा, म्हणजे जुनेपणामुळे किमतीत धरलेली घट, मात्र सहसा वर्षांवर ठरतो, त्यामुळे कमी वापरलेल्या, नीट राखलेल्या गाडीची किंमत कागदावर अकारण घसरते. शक्य असेल तेथे पॉलिसी घेतानाच गाडीचे मूल्य मालक आणि विमा कंपनी या दोघांच्या संमतीने ठरवून घ्यावे. बदललेले सस्पेन्शन, सायलेन्सर आणि हँडलबार यांची नावे व पावत्या स्वतंत्रपणे नोंदवाव्यात, कारण न कळवलेल्या सुट्या भागांची भरपाई सहसा मिळत नाही. चासी क्रमांकाचा स्पष्ट फोटो आणि आवर मीटरचा (इंजिन चाललेले तास दाखवणाऱ्या मीटरचा) तारखेसह फोटो गॅरेजाबाहेर, दुसऱ्या ठिकाणी जपावा.

स्पर्धा आणि वेळ मोजून केलेला सराव पुष्कळ पॉलिसींत वगळलेला असतो. ट्रेलरवरून नेताना होणारी चोरी, तसेच मित्राने गाडी चालवताना तिसऱ्याला झालेली इजा, ही संरक्षणे वेगवेगळी असतात. यांपैकी कोणते लागू आहे, याचे उत्तर विमा कंपनीकडून लेखी घ्यावे.