तिखट नसलेलं आलं

आल्याच्या तेलाची बाटली हातात आली की पहिली अपेक्षा असते ती झणझणीतपणाची. प्रत्यक्षात रुमालावर थेंब टाकला की आधी चक्क लिंबासारखा वास येतो. अर्ध्या तासाने तो ओसरतो आणि मागे राहतो सुंठीच्या डब्याचा कोरडा, लाकडी, किंचित मातकट वास. नाक अगदी खूश. झोंबणं मात्र कुठेच नाही!

याचं कारण तेल काढण्याच्या रीतीत आहे. सुंठीच्या भरड्यातून वाफ सोडतात, ती वाफ थंड करतात आणि पाण्यावर जो फिकट पिवळा तवंग येतो, तो काढून घेतात. वाफेवर स्वार होऊन येतात ती झिंजिबेरीनसारखी सुगंधी द्रव्यं. जिभेला चटका देणारं जिंजेरॉल जड. ते चोथ्यातच बसून राहतं. म्हणजे आल्याचा स्वभाव मागे राहिला आणि नुसती चाहूल बाटलीत आली. वास आणि तिखटपणा दोन्ही हवे असतील, तर द्रावक वापरून ओलिओरेझिन, म्हणजे दाट अर्क, काढावं लागतं. खाद्यपदार्थांच्या कारखान्यांत त्याचीच चलती.

बाटली एवढीशी का, तेही हिशेबात कळतं. शंभर किलो ओल्या आल्याची सुंठ होते साधारण वीस किलो, आणि तिच्यातून तेल निघतं दीड-दोन टक्के. म्हणजे जेमतेम तीन-चारशे ग्रॅम. त्यातही तेलाच्या पेशी सालीलगत जास्त असतात. म्हणून केरळात सुंठीसाठी आलं सोलताना बांबूच्या टोकदार कामट्या वापरतात. साल वरवर खरवडायची, खोल जायचं नाही. आपण चहाच्या घाईत सुरीने जाड साल उडवतो, तेव्हा निम्मा सुगंध केराच्या डब्यात जातो, असं मला आता उगाच वाटत राहतं.

आपल्या घरांना ही बाटली तशी नवखी. आपला व्यवहार सुंठीशी: डोकं दुखलं की सहाणेवर उगाळून कपाळाला लेप, रामनवमीला सुंठवडा, घसा बसला की आलेपाक. तेलाचा उपयोग मुख्यतः वासाचा आणि मालिशीचा. चमचाभर तिळाच्या तेलात दोन थेंब पुरतात. तिखट नाही म्हणून त्याला गरीब समजू नये. नुसतं लावलं तर कातडी लाल होऊ शकते. ‘चरबी वितळवते’ वगैरे जाहिरातींवर मी तरी पैसे घालवणार नाही. आणि दोन थेंब चहात टाकायचा मोह आवरावा, हे प्यायचं तेल नव्हे. चहाला खलबत्ता आहेच.

बाटली गडद काचेची घ्यावी आणि झाकण घट्ट लावावं. हवा-उजेड लागला की झिंजिबेरीन बदलत जातं आणि सगळ्यात आधी पळतो तो वरचा लिंबाचा वास.