ऐंशीच्या पुढे थरथरणारे स्टेअरिंग

आमच्या गाडीला काही दुखणे जडले आहे, हे मला गणपतीसाठी मुंबईहून आलेल्या भाच्याकडून कळले. मी मालवणात राहतो. शाळा, बाजार, फार तर कसालपर्यंत जाणे. त्या वळणावळणाच्या रस्त्यावर साठच्या पुढे काटा नेण्याची वेळ सहसा येत नाही. भाचा मात्र कसालला महामार्गावर लागून कुडाळकडे गेला आणि परत आल्यावर म्हणाला, "मामा, ऐंशीला स्टेअरिंग हातात थरथरतं. शंभरच्या पुढे गेलं की आपोआप थांबतं." मला ते आधी पटले नाही, कारण बिघाड असेल तर वेगासोबत तो वाढायला हवा, असा माझा समज होता. दुसऱ्या दिवशी पहाटे मी स्वतः गाडी काढली. ७८ ला सुरुवात, ८५ ते ९२ च्या दरम्यान सर्वात जास्त, १०० च्या पुढे जवळजवळ काही नाही. भाच्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते.

प्रथम मी सर्वजण करतात तेच केले. एका टायरच्या दुकानात चारही चाकांचे बॅलन्सिंग (वजने लावून तोल जुळवणे) आणि सोबत अलाइनमेंट (चाकांची दिशा जुळवणे) करून घेतले. यंत्राच्या पडद्यावर चारही चाकांना शून्य आले, पण गाडीच्या थरथरण्यात काही फरक पडला नाही. अलाइनमेंट बिघडल्यास गाडी एका बाजूला ओढते आणि टायर तिरका झिजतो. ठरावीक वेगाला येणाऱ्या थरथरीशी त्याचा फारसा संबंध नसतो, हे मला नंतर उमगले. त्यानंतर एका गॅरेजमध्ये पुढचे दोन्ही लोअर आर्म, म्हणजे चाकांना गाडीशी जोडणारे खालचे दांडे, बदलण्याचा सल्ला मिळाला आणि मी तो मानला. साडेसहा हजार रुपये गेले, खड्ड्यात येणारा खडखडाट कमी झाला, पण कसालच्या पुढे स्टेअरिंग पूर्वीसारखेच थरथरत राहिले. त्या गॅरेजला मी सर्वस्वी दोष देत नाही, कारण त्यांतले रबरी बुश खरोखरच फाटलेले होते. परंतु तो वेगळा रोग होता आणि औषध मात्र या रोगाच्या नावाने दिले गेले.

मग मी एक जुनी वही गाडीत ठेवली आणि ठरवले की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, त्याच रस्त्यावर चालवून पाहायची आणि लिहून ठेवायचे. पहिला प्रश्न असा होता की थरथर एंजिनची आहे की चाकांची. ९० च्या वेगाला पाचव्या गिअरमधून चौथ्यात आलो. एंजिनचे फेरे वाढले तरी थरथर जशीच्या तशी राहिली. रस्ता मोकळा पाहून क्षणभर न्यूट्रल केले, तरीही तेच. त्यामुळे एंजिन आणि त्याला धरून ठेवणारी माउंटिंग यांवरचा संशय गेला. ॲक्सिलरेटर दाबल्यावर थरथर वाढली असती तर एंजिनची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टच्या आतल्या जॉइंटकडे पाहावे लागले असते, तशी ती वाढली नाही. ब्रेक लावताना वाढली असती तर डिस्क तपासावी लागली असती, तेही झाले नाही. थरथर सीटपेक्षा स्टेअरिंगमध्ये अधिक जाणवत होती, म्हणजे पुढच्या चाकांकडे बोट दाखवणे योग्य होते.

ऐंशी-नव्वदलाच का, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना, म्हणून थोडे गणित केले. माझ्या टायरचे माप १६५/८० आर १४ आहे. त्याचा परीघ साधारण १.९५ मीटर येतो. ताशी ८० किलोमीटरला ते चाक सेकंदाला ११.४ फेरे घेते आणि ९० ला सुमारे १२.८. टायरची हवा आणि सस्पेन्शनची स्प्रिंग यांच्यामध्ये अडकलेल्या चाकाची स्वतःची उडण्याची लय सेकंदाला साधारण १० ते १५ वेळा इतकी असते. पडवीतल्या झोपाळ्याला त्याच्या लयीत दिलेला बोटभर धक्काही पुरतो, आणि लय चुकली की जोराचा धक्काही वाया जातो. तसेच इथे होते. दोष प्रत्येक वेगाला असतो, पण तो जाणवतो या पट्ट्यात. शिवाय दोष फार मोठा असावा लागत नाही. रिमच्या कडेला ३० ग्रॅम जास्तीचे असतील, तर ९० च्या वेगाला ते चाकाला सुमारे साडेतीन किलोच्या जोराने ओढतात, आणि तेही प्रत्येक फेऱ्याला.

पुढच्या रविवारी अंगणात एका बाजूची चाके पुढची मागे आणि मागची पुढे अशी बदलली. मागच्या चाकाला अडसर म्हणून चिऱ्याचे दोन तुकडे लावले होते. डाव्या बाजूच्या अदलाबदलीने जे झाले त्याने मी चक्रावून गेलो: स्टेअरिंगची थरथर निम्म्याने कमी झाली, पण गेली नाही, आणि आता सीटखाली बारीक मुंग्या येऊ लागल्या. दोष चाकात असता तर तो पूर्णपणे मागे जायला हवा होता. गाडीत असता तर जागचा हलायला नको होता. एकाच रोगाचा शोध घेण्याच्या नादात दोन रोग असू शकतात, हे मी धरलेच नव्हते.

मागे गेलेल्या चाकाचा उलगडा सोपा निघाला. ते काढून त्याच मापाची स्टेपनी लावली, तर सीटखालच्या मुंग्या थांबल्या. मग ते चाक परत बसवून जॅकवर उचलले आणि विटेला बांधलेली तार रिमच्या आतल्या कडेजवळ धरून हाताने फिरवले, तेव्हा एका जागी कड तारेला घासत होती आणि बाकी सगळीकडे फट दिसत होती. खड्ड्यात आपटून रिमची आतली कड दबली होती. बॅलन्स शून्य असला म्हणजे चाक गोल असतेच असे नाही, कारण वजने लावून अंड्याचाही तोल साधता येतो.

उरलेल्या थरथरीसाठी मी आमच्याच भागातल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे गेलो. त्यांनी वही लक्षपूर्वक वाचली आणि म्हणाले, "गुरुजी, मशीन चाक तपासता, हब तपासणा नाय." त्यांनी पुढचे डावे चाक काढून हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागावर, बॅटरीचा उजेड पाडला. समुद्राच्या खाऱ्या हवेने हबवर गंजाचा तपकिरी पापुद्रा धरला होता, आणि एका बाजूला त्याची खपली सुटून नेमकी रिम टेकते त्या जागेवर चिकटून बसली होती. त्यांनी ती स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने उचलून माझ्या तळहातावर ठेवली. जेमतेम नखाएवढी, पोस्टकार्डाहून किंचित जाड. तेव्हा मला आठवले की श्रावणात याच जागच्या चाकाचे पंक्चर काढले होते. बहुधा तेव्हाच ती खपली हलली असावी.

एवढ्याशा गोष्टीने काय व्हावे, असे वाटणे साहजिक आहे. हबचा टेकण्याचा भाग साधारण १४ सेंटिमीटर रुंद आहे आणि टायर ६२ सेंटिमीटर व्यासाचा, त्यामुळे हबपाशी ०.३ मिलिमीटरचा तिरकसपणा टायरच्या कडेला चौपटीहून अधिक, म्हणजे सुमारे १.३ मिलिमीटर होतो. गंजामुळे चाक मध्यावरून तेवढेच ०.३ मिलिमीटर सरकले, तर १५ किलोच्या चाकाला रिमवर २५ ग्रॅमचे चुकीचे वजन लावल्यासारखे होते. बॅलन्सिंगच्या यंत्रावर चाक स्वच्छ शंकूवर बसते, म्हणून तिथे शून्य दिसते. गाडीत तेच चाक गंजावर बसते.

त्यांनी तारेच्या ब्रशने आणि सँडपेपरने चारही हब आणि रिमच्या टेकण्याच्या जागा साफ केल्या, हबच्या मधल्या कड्याला ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवला, पण नट ज्यांवर बसतात त्या स्टडच्या आट्यांना ग्रीस लागू दिले नाही. नट आधी हाताने बसवून मग समोरासमोरचे क्रमाने आवळले. यासाठी त्यांनी घेतलेले पैसे सांगायला मला संकोच वाटतो. दबलेली रिम मी बदलली आणि फक्त त्याच चाकाचे बॅलन्सिंग पुन्हा करून घेतले. शंभर किलोमीटर झाल्यावर नट परत तपासले; त्यातला एक नट पाव फेरा आवळला गेला.

आता कसाल ते कुडाळ ९० ला एका हाताने चालवता येते, अर्थात मी तसे चालवत नाही. ११० च्या आसपास अजूनही एक बारीक गुणगुण ऐकू येते. पुढच्या उजव्या टायरच्या बाजूवर कोरलेले शेवटचे चार आकडे ३११८ आहेत, म्हणजे तो २०१८ च्या एकतिसाव्या आठवड्यातला आहे. वहीत त्याची नोंद केली आहे, आणि पुढच्या पावसाआधी तो बदलायचा आहे.