कंदील ते मालवण: ५६ सांगाड्यांची नोंद, पितृपक्षापर्यंत

यंदा ज्येष्ठ अधिक आला आणि सगळे सण लांबले. गणपती १४ सप्टेंबरला बसले, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. गेल्या वर्षी ते २१ ऑक्टोबरला होतं, म्हणजे विकायचे आकाशकंदील बांधायला १८ दिवस जास्त मिळाले. पण कंदिलाच्या पैशातून नाताळच्या सुट्टीत घरच्यांना कोकणात न्यायचं असेल, तर हेच १८ दिवस अंगावर येतात. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. गेल्या वर्षी कंदील विकून झाल्यावर तिकीट काढता आलं, यंदा कंदील हातात असतानाच तिकिटाचे पैसे भरायचे आहेत. या वर्षीचं सगळं गणित या एका गोष्टीभोवती फिरतंय.

उद्दिष्ट ३२,००० रुपये. चार माणसं (त्यात एक आजी आणि नऊ वर्षांची मुलगी), मालवणला तीन रात्री. राहणं १०,५००, जेवणखाण ८,०००, प्रवास ६,५००, सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी वगैरे ३,००० आणि ४,००० हाताशी. हे शेवटचे ४,००० खर्चात धरूनच उद्दिष्ट ठरवावं. नाहीतर ते ऐनवेळी घरखर्चातून जातात आणि जानेवारीत जाणवतात.

सांगाडा

कंदील पारंपरिक, बांबूच्या कामट्यांचा. सहा चौकोनी चौकटी कोपऱ्याला कोपरा लावून बांधायच्या. चार चौकटी कोपऱ्यावर उभ्या, शंकरपाळ्यासारख्या, एक वर आडवी, एक खाली आडवी. मधे आपोआप आठ त्रिकोण तयार होतात. बाजू ८ इंच धरली तर वरच्या चौकटीपासून खालच्या चौकटीपर्यंत उंची साधारण सव्वाअकरा इंच आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांतलं अंतर बरोबर १६ इंच येतं. या आकाराची एक सुंदर गोष्ट म्हणजे मध्यबिंदूपासून बाराही कोपरे बाजूच्या लांबीइतकेच, म्हणजे ८ इंचांवर असतात. दिवा बरोबर मधे टांगला की उजेड सगळीकडे सारखा पडतो, कुठेही काळवंडलेला कोपरा राहत नाही.

एका कंदिलाच्या सहा चौकटींना २४ काड्या लागतात. कोपऱ्यात एकमेकींवर यायला दोन्ही टोकांना पाव-पाव इंच जास्त ठेवायचं, म्हणून काडी साडेआठ इंचांची. एका कंदिलाला १७ फूट कामटी झाली, पण २० फूट धरा, कारण गाठीवरची काडी बाद करावी लागते. गाठ साच्यात बसत नाही आणि तिथे कागद फुगतो. ५६ सांगाड्यांना १,३४४ काड्या. पुण्याच्या बुरूड आळीत आपल्या मापाच्या कामट्या चिरून मिळतात. रुंदी ३ मिलिमीटर, जाडी २ मिलिमीटर असं मापच सांगावं. ‘कंदिलाच्या कामट्या’ एवढंच सांगितलं तर जाड मिळतात आणि सांगाडा उगाच जड होतो.

घेताना कामटीची पाठ बघा. हिरवट, गुळगुळीत पाठीत ताकद असते. आतल्या गराच्या कामट्या दिसायला सारख्याच, पण दोन बोटांत वाकवल्या की कट्‌कन मोडतात. दुसरी गोष्ट ओलेपणाची. ओली कामटी बांधली की वाळताना आकसते आणि गाठी सैल पडतात. आठवड्यानंतर कंदील हातात घेतला की खुळखुळतो. म्हणून कामट्या जुलैत घेतल्या. आधी पाच दिवस पाण्यात बुडवून ठेवल्या, पाणी रोज बदललं, मग सावलीत तीन आठवडे वाळवल्या. बुडवायचं कारण भुंगा. बांबूतला पिठूळ अंश त्याला आवडतो आणि तो पाण्यात बराचसा निघून जातो. कामट्यांच्या गठ्ठ्याखाली बारीक पांढरी पूड दिसली तर तो गठ्ठा घरातून बाहेर काढा, इतरांनाही लागण होते.

साचा आणि गाठ

फळीवर ८ इंचांचा चौकोन आखून प्रत्येक कोपऱ्याला दोन बिनडोक्याचे खिळे ठोकले की साचा तयार. काड्या खिळ्यांच्या आत दाबून बसवायच्या, कोपरा बांधायचा, चौकट उचलायची. प्रत्येक दहाव्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा, दोन्ही ११.३ इंच यायला हवेत. एक ११ आणि दुसरा साडेअकरा येत असेल तर खिळा हललाय.

कोपऱ्याची गाठ नीट जमली तर अर्धं काम झालं. सुती दोरा, नायलॉन नको, तो घसरतो. दोन काड्या एकमेकींवर काटकोनात. दोऱ्याचे तीन फेरे एका तिरक्या दिशेने, तीन उलट तिरक्या, आणि मग दोन फेरे दोन काड्यांच्या मधून, दोऱ्यालाच आवळणारे. हे शेवटचे दोन फेरे बहुतेक जण सोडून देतात. तेच गाठीला जखडतात. वर फेव्हिकॉलचा एक थेंब, बोटाने चेपून. थेंब आधी लावला तर दोरा ओला होऊन ताण धरत नाही.

सहा चौकटी जोडल्यावर सांगाडा हातात धरून वरची चौकट जरा फिरवून बघा. सगळा सांगाडा पिळवटून खाली बसायला लागतो. घाबरू नका, तो आकाराचाच स्वभाव आहे. त्रिकोण आपला आकार सोडत नाही, चौकोन सोडतो. म्हणून वरच्या आणि खालच्या चौकटीत मधोमध एक आडवी काडी बांधायची (वरच्या काडीला दिव्याचा होल्डर टांगता येतो) आणि कागद लावताना आधी चारही उभे चौकोन लावायचे. ताणून लावलेला कागद वाळला की चौकट धरून ठेवतो. त्रिकोण आधी लावले की पीळ तसाच पक्का होतो आणि कंदील कायमचा तिरका टांगला जातो.

आजपर्यंत ३३६ चौकटींपैकी ३०० झाल्या. उभे सांगाडे २२.

कागद आणि खळ

पतंगी कागदाचा ताव साधारण २० बाय ३० इंचांचा. घडीसाठी अर्धा इंच धरून चौकोन ९ इंचांचा कापायचा, एका तावातून सहा निघतात. ९ इंच बाजूचे त्रिकोण उलटसुलट मांडले तर एका पट्टीत पाच, तावात दोन पट्ट्या, म्हणजे दहा, आणि खाली चार इंचांची लांब पट्टी उरते. तिच्या झिरमिळ्या होतात. त्रिकोण एकाच दिशेने मांडून कापले तर तावातून सहाच निघतात. पाच कंदिलांचे चाळीस त्रिकोण चार तावांत बसवायचे असतील तर पुठ्ठ्याचा छाप करूनच कापा. चौकोन एका रंगाचे आणि त्रिकोण दुसऱ्या रंगाचे असतील तर कापणीही सुटसुटीत होते आणि कंदीलही उठून दिसतो. केशरी-पिवळा आधी संपतो. गर्द निळा दिवसा देखणा, पण रात्री उजेड खातो.

खळ घरचीच: एक वाटी मैदा, साडेचार वाट्या पाणी, मंद आचेवर सतत ढवळत पारदर्शक होईपर्यंत. उतरवल्यावर चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट), म्हणजे झुरळं आणि कसर लागत नाही. मोरचूद विषारी आहे. त्यासाठी भांडं आणि चमचा वेगळा ठेवा आणि लहान मुलांच्या हातात ही खळ देऊ नका. मुलांसाठी बिनमोरचुदाची, त्याच दिवशी संपेल एवढीच करा.

खळ कामटीला लावायची, कागदाला नाही. कागदाला लावली की तो ओला होऊन लोंबतो, रंग सुटतो आणि शेजारच्या पांढऱ्या त्रिकोणावर गुलाबी डाग पडतो. पावसाळी हवेत खळ वाळायला दुप्पट वेळ लागतो. त्या दिवशी पंखा कंदिलावर थेट सोडू नका. एक बाजू आधी वाळते आणि कागद तिकडे ओढला जातो. पुण्यात परतीचा पाऊस ऑक्टोबरमध्ये हमखास एक-दोन संध्याकाळी झोडपतो, म्हणून कागदाचं काम सकाळीच.

दिवा ७ वॅटचा एलईडी. बरोबर मधे असेल तर कागद त्याच्यापासून साडेपाच इंचांवर राहतो. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब कोणी लावणार असेल तर स्पष्ट नाही म्हणा. होल्डर आणि वायर घाऊक घ्यायची तर तपकीर गल्ली.

हिशेब

यात बरेच हौशी चुकतात. सामानाचा हिशेब धरतात, तासांचा नाही. एका पूर्ण कंदिलाचा, वायर-होल्डर सोडून: कामटी २५, कागद २४, दोरा-खळ-फेव्हिकॉल १०, सोनेरी किनार १५, खोका १२, नासधूस ४, एकूण ९० रुपये. विक्री ३५०. उरले २६०, त्याला लागतात २ तास २० मिनिटं. तासाला १११ रुपये.

आता न जोडलेला संच बघा. सहा तयार चौकटी, कापलेले कागद, दोरा, झिरमिळ्या आणि एका पानावर जोडायची रीत. सगळं ९ इंची चपट्या पाकिटात मावतं. विक्री २२०, सामान ७०, उरले १५०. वेळ ७० मिनिटं. म्हणजे तासाला १२८! जोडून विकण्यापेक्षा न जोडता विकणं परवडतं आणि साठवणीची कटकटही सुटते. २८ उभे कंदील म्हणजे एक अख्खी खोली अडते, २८ पाकिटं फळीच्या एका कप्प्यात राहतात. म्हणून यंदा निम्मे पूर्ण आणि निम्मे पाकिटात असं ठरलं. त्यातली १२ पाकिटं विकायची आणि १६ सोसायटीतल्या मुलांच्या कार्यशाळेला. प्रत्येकी २५० रुपये, सामान वजा जाता १६ मुलांचे २,८८०.

पूर्ण कंदील २८ × २६० = ७,२८०. पाकिटं १२ × १५० = १,८००. कार्यशाळा २,८८०. एकूण ११,९६०. मार्चपासून महिना २,००० ची नऊ हप्त्यांची आरडी (आवर्ती ठेव) चालू आहे, १८,००० आणि ६ टक्क्यांनी साडेचारशेच्या आसपास व्याज. सगळं मिळून ३०,४१०. तूट १,५९० ची.

ती भरायला जुन्या कंदिलांवर नवा कागद लावून देण्याचं काम घेतलंय. माळ्यावर धूळ खात पडलेले चांगले सांगाडे पुण्यातल्या घराघरांत आहेत. १५० रुपये, सामान ३५, चौदा कंदिलांत तूट भरून निघते. जुना कागद सोलताना सुरी लावू नका. ओल्या फडक्याने काडी पुसत जा, खळ पाच मिनिटांत सुटते.

आरडी बँकेची घ्या. पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांच्या आत मोडता येत नाही, या कामाला ती उपयोगाची नाही. विक्रीचे पैसे वेगळ्या खात्यात घ्या आणि क्यूआर कोडही त्याच खात्याचा लावा. दूध-भाजीच्या खात्यात आलेले कंदिलाचे पैसे तुळशीबागेच्या बाजारापर्यंतसुद्धा टिकत नाहीत.

तिकीट आणि पुढचे पंधरा दिवस

जाताना पनवेलहून कोकणकन्या, कुडाळला उतरून पुढे मालवण. आजीला रात्रभर घाटातल्या बसचा त्रास नको. येताना दिवसाची एसटी. एसटीत महिलांना अर्धं भाडं, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं, ७५ च्या पुढे मोफत, ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धं. एक पुरुष पूर्ण आणि बाकी तिघी अर्ध्या, म्हणून या चौघांचं भाडं होतं अडीच माणसांचं. रेल्वेत मुलीला बर्थ घेतला की तिचंही पूर्ण भाडं, म्हणजे चार. दोन्ही बाजूंनी रेल्वे धरून बजेट केलं असेल तर इथे चांगली बचत निघते.

तारखेची चूक मात्र फार जण करतात. कोकणकन्या मुंबईहून रात्री अकराच्या सुमारास सुटते आणि पनवेलला मध्यरात्र उलटल्यावर येते. मुंबईहून २४ डिसेंबरला सुटलेली गाडी पनवेलला २५ तारखेला. चढण्याची तारीख २५ टाकायची, पण ६० दिवस मोजायचे गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेपासून. म्हणजे आरक्षण २५ ऑक्टोबरला, रविवारी सकाळी ८ वाजता उघडणार. २६ ला बसलात तर एक दिवस उशीर झालेला असेल.

तिकिटाचे पैसे त्या सकाळी खात्यात हवेत, आणि आरडी डिसेंबरशिवाय सुटत नाही. म्हणून पूर्ण कंदिलांच्या नोंदणीला १५० रुपये आगाऊ घेणं सुरू केलंय. वीस नोंदण्या म्हणजे ३,०००, चार स्लीपर तिकिटांना पुरेसे. आगाऊ घेताना रंग तेव्हाच लिहून घ्या आणि कागद नोंदणीनंतरच लावा. आधी लावलेले न आवडलेले रंग शेवटी निम्म्या किमतीत जातात.

पितृपक्षात लोक खरेदी करत नाहीत, म्हणून हा पंधरवडा निव्वळ बांधणीचा. उरलेल्या ३६ चौकटी आणि ६ उभे सांगाडे सर्वपित्रीच्या आत. घटस्थापनेला पहिला पूर्ण कंदील दारात लावायचा, त्याचाच फोटो सोसायटीच्या ग्रुपवर. फोटो संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास काढा, आकाशात थोडा निळा उजेड असताना. पूर्ण अंधारात काढला तर नुसता पांढरा गोळा येतो, कागदाचा रंग दिसत नाही.