कुरव ओळखायचाय? डोकं सोडा, पंख बघा

थंडी पडली की पुण्यातले कॅमेरावाले पहाटे चारला उठून सोलापूर रोडने भिगवणला पळतात, सगळ्यांना फ्लेमिंगो हवा असतो, आणि होडीभोवती कलकलाट करणारे पांढरे पक्षी मात्र ग्रुपवर नुसते "सीगल" म्हणून पडतात. अहो, भिगवणला उजनी धरणाच्या पाण्यावर कुरवांच्या, म्हणजे या सीगलच्याच, दोन-तीन जाती तरी असतात!

नेहमी घोळ होतो तो तपकिरी डोक्याच्या आणि काळ्या डोक्याच्या कुरवात, कारण हिवाळ्यात दोघांचीही डोकी पांढरी असतात, कानापाशी एक काळपट ठिपका तेवढा उरतो. म्हणून उडताना पंखाचं टोक बघायचं. तपकिरीवाल्याचं टोक चांगलं काळं आणि त्या काळ्यात पांढरे ठिपके, काळ्या डोक्याच्याला पंखाच्या पुढच्या कडेला पांढरा पट्टा आणि काळं फक्त टोकाशी. जवळ बसला असेल तर डोळा बघा, पूर्ण वाढलेल्या तपकिरीवाल्याची बुबुळं फिकट असतात आणि त्यामुळे तो कायम वैतागल्यासारखा दिसतो. पण पिल्लांच्या डोळ्यावर जाऊ नका, त्यांचा गडदच असतो. पंखावर तपकिरी छटा नि शेपटीला काळी पट्टी दिसली की समजायचं पोरगं आहे. आणि या सगळ्यांपेक्षा दांडगा, पिवळ्या चोचीवर काळा पट्टा असलेला दिसला तर तो पल्लासचा कुरव, तो चुकूच शकत नाही.

स्वभावाने सगळे गुंड. सुरय (टर्न) पक्षी बिचारा वरून सूर मारून मासा काढतो आणि हे चार जण त्याच्या मागे लागतात, मासा टाकेपर्यंत पिच्छा सोडत नाहीत. स्वतः बहुतेक पाण्यावर तरंगणारं उचलतात, मासेमारांनी टाकलेलं काहीही चालतं, किडेसुद्धा. हे बघायला खरी मजा आहे, पण लोकांना उडते फोटो हवेत म्हणून शेव-फरसाण फेकतात, ते मला अजिबात पटत नाही. तेल-मिठाचं खाणं कशाला घालायचं त्यांना? मी होडीवाल्या काकांना आधीच सांगतो, फरसाण नको, इंजिन बंद करून जाळी काढतात तिथे थांबू. तिथे कुरव आपसूक येतात.

तरी ओळखणं जमत नसेल तर मार्चमध्ये जा. लडाख-तिबेटकडे घरटी करायला निघण्याआधी तपकिरीवाल्यांची डोकी रंगायला लागतात, अर्धवट रंगलेली फार विनोदी दिसतात. ऊन मात्र तोवर कडक होतं, टोपी न्या.